मिक्सर लागला की रेडिओ का खरखरतो?

बदलापूर गावातल्या आमच्या घरी सकाळी रेडिओवर बातम्या लागतात आणि नेमका त्याच वेळी स्वयंपाकघरात चटणीसाठी मिक्सर सुरू होतो. बातम्या बुडतात, उरते ती खरखर. असे का व्हावे?

हाइनरिश हर्ट्झने १८८७ साली विजेच्या ठिणग्या पाडूनच रेडिओलहरी निर्माण केल्या. मिक्सरमध्ये नकळत तेच घडते. मोटरच्या फिरत्या कॉम्युटेटरवर कार्बनचे ब्रश घासतात. तेथे सेकंदाला हजारो वेळा जोडणी तुटते व बारीक ठिणग्या पडतात. ठिणगीत असंख्य वारंवारता मिसळलेल्या असतात. म्हणून काटा कोठेही नेला तरी खरखर पाठ सोडत नाही.

मुंबई आकाशवाणीचे ५५८ किलोहर्ट्झवरील कार्यक्रम आम्ही कित्येक वर्षे ऐकले. त्यांचा मालाडचा प्रक्षेपक येथून पन्नासेक किलोमीटरवर, तर मिक्सर दहा फुटांवर! शिवाय मध्यम लहरींवर आवाज लहरीच्या उंचीतील चढउतारांवर स्वार होऊन येतो. ठिणगीही उंचीच बदलते, त्यामुळे रेडिओला दोहोंतला फरक कळत नाही. एफ.एम.मध्ये आवाज वारंवारतेतील बदलांत असतो. तेथे रेडिओ उंचीतील चढउतार छाटून टाकतो, म्हणून खरखर कमी.

एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर यांत ब्रश नसतात. पण त्यांतले इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात. प्रवाह असा झटक्याने बदलला की लहरी निघतातच.

वर्गात हे करून पाहता येईल. सेलवरचा रेडिओ मध्यम लहरींवर, केंद्र नसलेल्या जागी लावा. चालू चार्जरपासून तो हळूहळू दूर न्या. मग जागेवरच गोल फिरवा. आतील फेराइटच्या दांडीमुळे एका दिशेला खरखर कमी होते. आता भिंतीतील वायरिंगजवळ न्या. तेथे ती पुन्हा वाढली, तर घरातील ताराच अँटेनाचे काम करीत आहेत असे समजावे. उपकरण मात्र उघडू नये.

चांगल्या उपकरणात हा उपद्रव थोपवणारे कपॅसिटर व कॉइल बसवलेले असतात. खर्च वाचवण्यासाठी ते गाळले, तर त्रास शेजाऱ्यांनाही होतो. पुणे जिल्ह्यात खोडदजवळ प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही महादुर्बीण आकाशातील अत्यंत क्षीण रेडिओलहरी टिपते. आसपासच्या वीजतारांवरील ठिणग्या तिच्याही कामात व्यत्यय आणतात. आपल्या बातम्या बुडतात, तेथे दूरच्या दीर्घिकेचा संदेश बुडतो, कारण एकच.