दुखावलेला गिनीपिग : वैद्याकडे नेईपर्यंतचे उपचार

मुलाच्या हातून निसटून फरशीवर आदळलेला गिनीपिग एखादी किंकाळी फोडतो आणि लगेच कोपऱ्यांत जाऊन अंग आक्रसून स्वस्थ बसतो. घरांतील मंडळींचा जीव भांड्यांत पडतो. फारसें लागलें नसावें, असें त्यांना वाटतें. नेमका हाच समज त्या प्राण्याच्या जिवावर बेततो. त्याच्या कुळाची मूळ भूमि म्हणजे दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वत. (नांवांत गिनी देश आणि डुक्कर दोन्ही आलीं असलीं, तरी त्याचा दोहोंशींही संबंध नाहीं!) तेथें जो दुबळा दिसेल तो हिंस्र पशुपक्ष्यांचें भक्ष्य होणार, तेव्हां दुखणें लपविण्याची संवय त्याच्या रक्तांतच आहे. तोंड उघडून चाललेला श्वास, फिकट हिरड्या, गार पडलेले कान व पाय, किंवा फरफटणारे मागचे पाय यांपैकीं एकही लक्षण दिसल्यास पशुवैद्याकडे तत्काळ निघावें.

उचलतांना एक हात छातीखालीं व दुसरा मागील भागाखालीं असावा. कणा लोंबतां कामा नये. तळाशीं मऊ कापड घातलेल्या, हवेला भोकें पाडलेल्या लहानशा खोक्यांत त्याला ठेवावें. मोडलेला पाय काड्या बांधून सरळ करण्याच्या खटपटीस कोणीं लागूं नये. सुमारें एक किलो वजनाच्या या जीवाचीं हाडें फार बारीक असतात, आणि बांधलेली पट्टी तो कुरतडतोच. हालचालीला जागा न मिळणें हाच त्या पायाला खरा आधार.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर पांच ते दहा मिनिटें एकसारखी दाबून धरावी. मधून मधून उचलून पाहण्यानें धरूं लागलेली गुठळी सुटते. नख तुटून रक्त येत असल्यास त्यावर चिमूटभर कॉर्नफ्लोअर दाबावें. जखम धुण्यास अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यांत चहाचा सपाट चमचाभर मीठ पुरे. स्पिरिट व हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या बाटल्या कपाटांतच राहूं द्याव्या. मांजराचा दांत लागला असेल तर जखम टांचणीच्या टोंकाएवढी दिसली तरी त्याच दिवशीं वैद्य गांठावा. वरून ती मिटते आणि आंत जंतु वाढत राहतात.

सर्वांत मोठा धोका मात्र घरांतल्या उरल्यासुरल्या गोळ्यांचा. ज्या पेनिसिलिननें असंख्य माणसांचे प्राण वांचविले, तें गिनीपिगला मारक ठरतें, हें १९४३ सालींच प्रसिद्ध झालें होतें. त्याच्या आंतड्यांतील उपकारक जंतु या औषधानें मरतात, त्यांच्या जागीं क्लॉस्ट्रिडियम जातीचे विषारी जंतु माजतात, आणि कांहीं दिवसांत प्राणी दगावतो. ॲमॉक्सिसिलिन व अँपिसिलिन हीं त्याच घराण्यांतलीं. वेदनाशामक गोळीचा तुकडाही आपल्या अंदाजानें देऊं नये.

अंग गार लागत असेल तर गरम पाण्याची बाटली टॉवेलांत गुंडाळून खोक्याच्या एका बाजूस ठेवावी; नकोसें झाल्यास त्याला दुसऱ्या बाजूस सरकतां आलें पाहिजे. नागपूरच्या वैशाखांत अर्थातच हा उपाय करूं नये, कारण उष्मा त्याला थंडीइतकाच बाधतो.

त्याचें आंतडें सतत चालू लागतें; बारा तास पोटांत कांहीं गेलें नाहीं तर दुखापतीहून उपासच भारी पडतो. म्हणून समोर गवत असावें. तो सावध असून स्वतः गिळत असेल तरच पिचकारीनें, गालाच्या बाजूनें, थेंब थेंब पाणी द्यावें. त्याला ओकारी करतां येत नाहीं, आणि ग्लानींत पाजलेलें पाणी फुप्फुसांत उतरतें.

पडल्याचें कोणींच पाहिलें नाहीं, तरी गिनीपिग लंगडतो व सांधे सुजलेले दिसतात, असेंही घडतें. ती कित्येकदां इजा नसून स्कर्व्ही असते. माणसाप्रमाणें यालाही क जीवनसत्त्व शरीरांत तयार करतां येत नाहीं. नॉर्वेंतील होल्स्ट व फ्रोलिक या शास्त्रज्ञांनीं १९०७ सालीं हा रोग गिनीपिगांतच प्रथम प्रयोगानें उत्पन्न करून दाखविला. जखम भरून येण्यासही तेंच जीवनसत्त्व लागतें. पेरूची फोड किंवा थोडी ढोबळी मिरची त्यासाठीं रोज द्यावी.

निघण्यापूर्वीं दूरध्वनि करून विचारावें, कारण पुष्कळ पशुवैद्यांचा हात कुत्र्यामांजरांवरच बसलेला असतो. किती उंचीवरून पडला, शेवटचें केव्हां खाल्लें, लेंड्या पडल्या कीं नाहीं, हें टिपून न्यावें. घरांत त्याचा सोबती असल्यास, आणि दोघांत भांडण झालेलें नसल्यास, तोही शेजारीं दुसऱ्या खोक्यांत बरोबर असावा.