घसाऱ्याचे पैसे जातात कोठे?

मार्चअखेरीचे हिशेब तयार होऊन ताळेबंद सभेपुढे आला, की कोणीतरी हमखास विचारतो, "या घसाऱ्याचे पैसे कोणाला दिले?" आम्ही या प्रश्नाला हसत नाही. खर्चाच्या बाजूस रक्कम दिसते आणि पावती मात्र नसते, तेव्हा शंका येणे स्वाभाविक आहे.

समजा, एका बेकरीमालकाने 6,00,000 रुपयांची विजेची भट्टी घेतली. ती दहा वर्षे चालेल आणि शेवटी मोडीत 60,000 रुपये येतील, असा त्याचा अंदाज आहे. सर्व रक्कम पहिल्याच वर्षी खर्ची टाकली, तर त्या वर्षी धंदा बुडालेला दिसेल आणि पुढील नऊ वर्षे भट्टी जणू फुकट चालली असे भासेल. दोन्ही चित्रे खोटी आहेत. म्हणून भट्टीची नोंद मालमत्तेत करून उरलेले 5,40,000 रुपये दहा वर्षांत विभागतात. दरवर्षी 54,000 रुपये, हाच घसारा. पैसे भट्टी विकणाऱ्याला केव्हाच दिलेले असतात. आता त्यांचा वर्षावर्षाचा वाटा मांडला जातो, एवढेच.

हा वाटा वगळला तर काय होते? घसाऱ्यापूर्वी वर्षाचा नफा 1,50,000 रुपये दिसत असेल, तर खरा नफा 96,000 रुपयेच असतो. मालक दरवर्षी दीड लाख घरखर्चाला उचलत राहतो आणि भट्टी थंडावते त्या दिवशी कर्जासाठी धाव घेतो. दोन भावांची भागी असेल तर गोष्ट अधिक नाजूक. भट्टी सहा वर्षांनंतरही पुस्तकात सहा लाखांचीच असली, तर वेगळ्या होणाऱ्या भावाला झिजलेल्या यंत्राचे नव्या दराने पैसे मिळतात. मग भांडण हिशेबाचे राहत नाही.

मात्र घसारा लिहिल्याने तिजोरीत आपोआप पैसे साठत नाहीत. नफा कमी दिसल्यामुळे तेवढी रक्कम धंद्यात राहण्याची शक्यता वाढते, पण ती मैद्याच्या उधारीत किंवा नव्या टेम्पोतही जिरू शकते. तिच्याइतकी मुदत ठेव वेगळी काढणे उत्तम. शिवाय घसारा जुन्या किमतीवर असतो, नवी भट्टी महागच मिळणार.

वरील रीत सरळ रेषा पद्धतीची. ऱ्हासमान शेष पद्धतीत दरवर्षी उरलेल्या किमतीवर टक्केवारी लावतात. 15 टक्क्यांनी पहिल्या वर्षी 90,000, दुसऱ्या वर्षी 76,500 आणि तिसऱ्या वर्षी 65,025 रुपये. 1961 च्या आयकर कायद्याखाली सर्वसाधारण यंत्रांना हाच दर होता, फर्निचरला 10 टक्के, संगणकाला 40 टक्के. आणि वस्तू त्या वर्षी 180 दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर पहिल्या वर्षी निम्माच. 2013 चा कंपनी कायदा मात्र आयुष्य मोजतो: फर्निचरचे 10 वर्षे, संगणकाचे 3 वर्षे. त्यामुळे एकाच वस्तूची दोन ठिकाणी दोन मूल्ये दिसली, तर लगेच लबाडीचा संशय घेऊ नये. जमिनीला घसारा नाही, कारण ती वापराने संपत नाही. इमारतीला आहे, म्हणून दोहोंची किंमत वेगळी लिहावी.

आपल्या धर्मग्रामांचे व शाळांचे विश्वस्त विचारतात, "आम्हांला नफाच नाही, मग घसारा कशाला?" नफा नसला तरी सभागृहाचे छप्पर झिजतेच. करासंबंधी मात्र एक मुद्दा ध्यानात ठेवावा. संस्थेने वस्तूची पूर्ण किंमत धर्मादाय कार्यासाठी वापरलेले उत्पन्न म्हणून एकदा दाखवली, की त्याच वस्तूवर घसाऱ्याचीही वजावट मागावी काय, हा वाद अनेक वर्षे चालला. 2014 मध्ये आयकर कायद्यात दुरुस्ती होऊन 2015-16 च्या करनिर्धारण वर्षापासून अशी दुहेरी वजावट बंद झाली. पुण्यातील एका धर्मादाय संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये आधीच्या वर्षांपुरता कौल संस्थांच्या बाजूने दिला. ही बंदी कराच्या वजावटीपुरती आहे. संस्थेच्या ताळेबंदात घसारा दाखवण्यास तिची आडकाठी नाही. तेव्हा प्रत्येक वस्तूची खरेदीची तारीख, किंमत आणि ती कोणत्या निधीतून घेतली, हे मालमत्ता नोंदवहीत लिहून ठेवावे. सनदी लेखापाल प्रथम तीच मागतात.