मँगेनीजच्या क्षारातील लोह कसे वेगळे करावे

लोणावळ्याजवळील औंढे व त्याच्या आसपासच्या मावळ भागात भातखाचरांत पाणी साचून राहिले म्हणजे बांधाशी पाझरणाऱ्या पाण्यावर तांबूस तवंग दिसतो. पाण्याखालील मातीस हवा मिळत नाही. त्यामुळे तीतील लोह व मँगेनीज विरघळतात. हेच पाणी उघड्यावर येताच लोह प्राणवायूशी संयोग पावून तांबूस साक्याच्या रूपाने खाली बसते. मँगेनीज मात्र पुष्कळ वेळ पाण्यातच राहते. मँगेनीजचा क्षार शुद्ध करण्याची रीत याच भेदावर आधारलेली आहे.

भंडारा व नागपूर जिल्ह्यांतील खाणींचे खनिज घ्यावे अथवा विजेरीच्या जुन्या सेलमधील काळी पूड घ्यावी; ऑक्झॅलिक अम्लाच्या साहाय्याने ती सौम्य गंधकाम्लात विरघळवून केलेल्या मँगेनीज सल्फेटात लोह उतरतेच. हे लोह फेरस व फेरिक अशा दोन रूपांत असते. सामू ४ ते ५ झाला की फेरिक लोहाचा साका होतो. फेरस लोह व मँगेनीज द्रावणातच राहतात. म्हणून सर्व लोह प्रथम फेरिक करून घ्यावे.

त्यासाठी द्रावण आम्ल असतानाच गरम करून त्यात मँगेनीज डायॉक्साइडची थोडी बारीक पूड घालावी व ढवळावे. हिच्यामुळे कोणताही परका पदार्थ आत येत नाही, आणि लोहास द्रावणात धरून ठेवणारे शिल्लक ऑक्झॅलिक अम्लही नाहीसे होते. नंतर द्रावणाचा थोडा भाग वेगळा काढून त्यात धुण्याच्या सोड्याचे पाणी घालावे. खाली बसलेले मँगेनीज कार्बोनेट स्वच्छ पाण्याने धुऊन उरलेल्या गरम द्रावणात थोडेथोडे मिसळावे. सामू ५ च्या जवळ आला की थांबावे, थोडा वेळ उकळावे आणि तपकिरी साका बसल्यावर निवळी गाळून घ्यावी.

निवळीच्या चार थेंबांत अम्लाचा व हायड्रोजन पेरॉक्साइडचा एकेक थेंब घालून पोटॅशियम थायोसायनेट मिसळावे. लाल रंग आल्यास लोह शिल्लक आहे असे समजून कृती पुन्हा करावी. शुद्ध क्षाराचे स्फटिक फिकट गुलाबी असतात. भांडी काचेची असावीत. लोखंडी भांडे वापरल्यास केलेले श्रम वाया जातात. अम्ल नेहमी पाण्यात ओतावे, पाणी अम्लात कधीही ओतू नये.

तथापि, असा क्षार शाळेच्या प्रयोगापुरताच ठेवावा. या कृतीने लोह जाते, पण सेलमधील जस्त जात नाही. शिवाय मावळच्या आम्ल, पाणथळ जमिनीत मँगेनीजची उणीव क्वचितच आढळते. उलट लोह व मँगेनीज अधिक झाल्याने भातास अपाय होण्याचा संभव असतो. ही उणीव मुख्यत्वे चुनखडीयुक्त व हलक्या जमिनींत दिसते. म्हणून शेतकरी बंधूंनी प्रथम माती तपासून घ्यावी. गरज ठरल्यास १९८५ च्या खत नियंत्रण आदेशानुसार किमान ३०.५ टक्के मँगेनीज असलेले सल्फेटच विकत घ्यावे. पिकावर न तपासलेला क्षार फवारणे म्हणजे हंगामच पणास लावणे होय.