एका डोळ्याचा हिशेब

एका डोळ्याची दृष्टी गेली आणि दुसरा शाबूत राहिला, तर कायद्याच्या हिशेबी कामगाराची कमाईची क्षमता ३० टक्क्यांनी घटते. डोळाच गेला तर ४०, दृष्टी अंशतः गेली तर १०. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यातले हे टक्के सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही कायम आहेत.

अहिल्यानगरच्या नागापूर किंवा सुपा एमआयडीसीतला ३० वर्षांचा फिटर धरू. पगार १५,००० रुपये, कामगार राज्य विमा (ईएसआयसी) नाही. पगाराचे ६० टक्के ९,०००. त्याला वयाच्या गुणकाने, २०७.९८ ने, गुणायचे; येणाऱ्या रकमेचे ३० टक्के म्हणजे ५,६१,५४६ रुपये. ३ जानेवारी २०२० पूर्वी हिशेबातली पगारमर्यादा ८,००० होती, तेव्हा हीच रक्कम २,९९,४९१ भरली असती. वाढ ८७.५ टक्के. तरीही हा ३७ महिन्यांचाच पगार झाला. ५८ व्या वर्षापर्यंत त्याचे ३३६ महिने बाकी असतात.

डोळा घेणारा कण केवढा? अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाच्या पाहणीत डोळ्यांच्या सुमारे ७० टक्के जखमा उडालेल्या किंवा पडलेल्या वस्तूंनी आणि ठिणग्यांनी झाल्या होत्या. जवळपास ६० टक्के कण टाचणीच्या डोक्याहून लहान होते. चार इंची हँड ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेरे घेतो, तेव्हा चाकाच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरांहून अधिक भरतो. छिन्नीला वीजही लागत नाही. ठोकून ठोकून तिचे डोके पसरते, कडेला भेगा पडतात आणि पुढच्या घावाला तिथलाच तुकडा उडतो. ती कड वेळच्या वेळी घासून काढणे हे काही मिनिटांचे काम आहे.

त्याच पाहणीत पाचपैकी तिघा जखमींनी गॉगल लावला नव्हता. ज्यांनी लावला होता, त्यांच्या ९४ टक्के जखमा कडेने किंवा खालून शिरलेल्या कणांनी वा रसायनांनी झाल्या. म्हणजे नुसती समोरची काच पुरत नाही; बाजू बंद हव्यात.

कारखान्यातला अपघात सरकारला कळवण्याचा उंबरठा ४८ तास काम न करता येण्याचा आहे. कण काढून दुसऱ्या दिवशी कामावर आलेल्याच्या अपघाताची सूचना देणे बंधनकारक नाही.

शेवटचा आकडा शून्य. दिलेले सुरक्षा साधन कामगाराने जाणूनबुजून काढले आणि त्यामुळेच डोळा गेला, तर मालकावर भरपाईची जबाबदारी येत नाही. मे महिन्यात गॉगल घामाने धुरकटतो आणि कपाळावर सरकतो. म्हणून गॉगल वाटल्याची सही पुरेशी नाही. आठ तास डोळ्यांवर टिकेल असाच गॉगल द्यायला हवा.