लेह ते पदुम : अंतर कशात मोजायचे?

नकाशावर पट्टी ठेवून पाहिले, तर लेहपासून झंस्कारमधील पदुमपर्यंतचे अंतर जेमतेम शंभर किलोमीटर भरते. रस्त्याने मात्र अगदी अलीकडेपर्यंत हाच प्रवास साडेचारशे किलोमीटरच्या घरात जात असे. आधी पश्चिमेला कारगिल गाठायचे, मग सुरू नदीच्या खोऱ्यातून वळसा घेत सुमारे 4,400 मीटर उंचीची पेन्सी ला ही खिंड ओलांडायची. हिवाळ्यात ही खिंड कित्येक महिने बर्फाखाली असते. त्या काळात झंस्कारी माणसाला उरे ती गोठलेल्या नदीवरची वाट. पर्यटकांना आज ‘चादर’ या नावाने जे साहस विकले जाते, तो मुळात शाळकरी मुलांचा आणि लोणी विकायला लेहला निघालेल्या शेतकऱ्यांचा रस्ता होता.

ताशी दोनशे किलोमीटर वेगाच्या हेलिकॉप्टरला हे अंतर कापायला, कागदावर, अर्धा तास पुरतो. धोरणकर्त्यांना असे आकडे प्रिय असतात. 2016 साली आखलेल्या ‘उडान’ योजनेतही सवलतीच्या आसनांचे भाडे ‘तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपये’ याच मापाने बेतले गेले. मैदानी प्रदेशात हे माप चालते. हिमालयात ते फसवे ठरते. पदुम साडेतीन हजार मीटरहून उंच आहे. तेथील हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी विरळ, त्यामुळे तेच यंत्र कमी माणसे उचलते. त्यात खिंडीवर ढग उतरले की उड्डाण रद्द. खुद्द लेहलाही दुपारच्या वाऱ्यांमुळे नागरी विमाने मुख्यतः सकाळीच ये-जा करतात. तेव्हा अर्ध्या तासाच्या प्रवासासाठी रुग्णाला चार दिवस थांबावे लागले, तर अंतर नेमके किती म्हणायचे? मला विचाराल तर साडेचार दिवस नव्हे, पण अर्धा तास तर मुळीच नव्हे.

हवाई सेवेला माझा विरोध नाही. अडलेल्या बाळंतिणीला दुसरा उपाय नसतो. परंतु हा प्रदेश जोडला जाणार आहे तो रस्त्यानेच. मार्च 2024 मध्ये सीमा रस्ते संघटनेने निम्मू-पदुम-दारचा या 298 किलोमीटरच्या मार्गाची जोडणी पूर्ण केली. लेहहून निम्मूमार्गे पदुमला जाताना एकही मोठी खिंड लागत नाही आणि अंतरही निम्म्यावर येते. दारच्याच्या बाजूला आडवी येणाऱ्या शिंकू ला खिंडीखालील 4.1 किलोमीटरच्या बोगद्याचे काम त्याच वर्षी जुलैमध्ये सुरू झाले. हे सारे लष्करी गरजेपोटी घडले, हे उघड आहे. सैन्याची निकड नसती, तर काही हजार नागरिकांसाठी हा खर्च कोणत्या सरकारने केला असता, अशी शंका येते.

ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने झंस्कारसह पाच नव्या जिल्ह्यांची घोषणा केली. माझ्या दृष्टीने ही बाब बोगद्याइतकीच मोलाची आहे. जमिनीचा दाखला आणि शस्त्रक्रिया जर पदुममध्येच होऊ लागली, तर निम्मे प्रवास करावेच लागणार नाहीत. त्यासाठी घोषणेमागोमाग डॉक्टर, कर्मचारी आणि निधी पोहोचला पाहिजे. उरलेल्या प्रवासाबाबत प्रशासनाने दर हिवाळ्याअखेर दोनच आकडे जाहीर करावेत : निम्मूचा रस्ता किती दिवस खुला होता आणि ठरलेल्या उड्डाणांपैकी किती प्रत्यक्षात झाली.