नवी मुंबईत प्री-वेडिंगचा 'सिल्हूट' फोटो काढताय? मोबाइल नेमका कुठे घोळ घालतो, समजून घ्या

बेलापूरच्या किल्ले गावठाण चौकातलं नवी मुंबई महापालिकेचं मुख्यालय २०१४ मध्ये सुरू झालं. तेव्हापासून दिवे लागले की समोर मोबाइल निघतातच. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला इमारत तिरंगी प्रकाशात उजळते, तेव्हा तर विचारायलाच नको. मागे उजळलेला घुमट आणि पुढे दोघांच्या काळ्या आकृत्या, हा प्री-वेडिंगचा हमखास फोटो.

गेल्या हिवाळ्यात ताई आणि होणाऱ्या भाऊजींचा असा फोटो काढायची जबाबदारी माझ्यावर आली. फोटोग्राफरचं पॅकेज बजेटबाहेर होतं आणि भाऊजींना सुट्टी एकच दिवस. पहिले पंधरा फोटो वाया गेले. घुमट पांढराफट्ट, दोघांचे चेहरे भुरकट आणि आकाश राखाडी. इंजिनीअरिंगची पदवी तिथे काही कामाला आली नाही.

वेळ किती मिळतो?

फार कमी. नवी मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे सूर्य क्षितिजाखाली बराच सरळ उतरतो, त्यामुळे संधिप्रकाश लवकर संपतो. सूर्यास्तानंतर सूर्य ६ अंश खाली जायला आपल्याकडे २२ ते २५ मिनिटं लागतात. लंडनमध्ये उन्हाळ्यात याच्या जवळपास दुप्पट. आकाश गडद निळं आणि दिव्यांचा उजेड त्याच्या तोडीस तोड, असा मेळ सूर्यास्तानंतर साधारण १५ ते ३० मिनिटांच्या दरम्यान जमतो. नोव्हेंबरअखेरीस सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, जूनअखेरीस सव्वासातनंतर. 'सातला भेटू' हा बेत म्हणूनच वर्षभर चालत नाही.

मोबाइल फोटो का बिघडवतो?

कारण तो मदत करायला जातो. काळोखात माणसं दिसली की फोनला वाटतं, यांचे चेहरे दिसायला हवेत. एचडीआर वेगवेगळ्या उजेडाच्या अनेक फ्रेम जोडून सावल्या उजळवतो, नाइट मोड त्याहून जास्त. आपल्याला तर सावलीच हवी आहे. दोन्ही बंद करा, फ्लॅशही. मग दोघांवर नाही, घुमटावर बोट दाबून धरा. एक्स्पोजर लॉक होईल. शेजारची सूर्याची खूण खाली ओढा. घुमटावरचे तपशील दिसू लागले की थांबा. अंतर पुरेसं असेल तर दोघांच्या कडाही स्पष्ट येतात, कारण फोनच्या छोट्या सेन्सरला बरीच खोली एकाच वेळी सुस्पष्ट दिसते.

फोटोत आडवे पट्टे आले तर दोष दिव्यांचा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवून पाहा.

उभं कुठे राहायचं?

इथे शाळेतले समरूप त्रिकोण उपयोगी पडतात. समजा इमारत ३० मीटर उंच आहे आणि तुम्ही तिच्यापासून १५० मीटरवर आहात. मग १.६५ मीटर उंचीची व्यक्ती तुमच्यापासून सव्वाआठ मीटरवर उभी राहिली, की फोटोत ती इमारतीएवढीच दिसेल. म्हणजे इमारतीपासून लांब जा, जोडप्याच्या थोडं जवळ या आणि फोन गुडघ्याच्या उंचीवर आणा. डोकी आकाशावर किंवा घुमटाच्या उजेडावर यायला हवीत. मागे झाडं आली, तर काळ्यावर काळं.

आकृती ओळखू येते ती बाह्यरेषेवरून. म्हणून दोघं एकमेकांकडे तोंड करून, मध्ये बोटभर फट ठेवून. मिठी मारली की फोटोत एकच गोळा दिसतो. नऊवारीचा काष्टा, फेटा, सुटलेला पदर छान उठून दिसतात. महागडी एम्ब्रॉयडरी मात्र फुकट जाते.

अडचण पाम बीच रोडची. गाड्यांचे हेडलाइट अंगावर पडले की आकृती उजळते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिथे गाड्या वेगात असतात आणि कॅमेऱ्याकडे बघणाऱ्याची पाठ रस्त्याकडे असते. दुभाजकावर किंवा रस्त्यात उभं राहून फोटो काढू नका, फुटपाथ पुरतो. ड्रोनचा विचार असेल तर आधी 'डिजिटल स्काय'वरचा नकाशा पाहा. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेलं नवी मुंबई विमानतळ इथून खाडीपलीकडेच आहे.

आमचा सोळावा फोटो जमला. ताईने लगेच स्टेटसला ठेवला. आईने चष्मा लावून तो दोनदा मोठा करून पाहिला आणि विचारलं, "छान आहे रे, पण यात आपली कोणती?"