झाकली मूठ की उघडी?

दोस्तांनो, 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण तुम्ही ऐकलीच असेल. पण नोकरीच्या बाजारात झाकल्या मुठीला कुणी छदामही देत नाही, बरं का! घरातला दादा किंवा ताई नोकरी शोधत असेल तर विचारा त्यांना. मालक म्हणतो, "आधी अनुभव आणा." आता नोकरीच नाही, तर अनुभव आणायचा कुठून?

हार्वर्ड विद्यापीठातल्या अमांडा पॅले या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी हा तिढा पारखून पाहायचं ठरवलं. तेव्हा इंटरनेटवर ओडेस्क नावाचा कामाचा बाजार होता. (२०१५ मध्ये त्याचं नाव अपवर्क झालं.) जगभरचे लोक तिथे आपलं कसब आणि तासाचा दर मांडून बसत. काम संपलं की काम देणारा शेरा लिहायचा, आणि तो सगळ्यांना दिसायचा. नवख्याची शेऱ्याची जागा मात्र कोरी! मग त्याला विचारणार कोण?

अमांडाबाईंनी काय केलं, तर अर्ज करणाऱ्या ३,७६७ जणांतून ९५२ जण निवडले. हुशारी बघून नव्हे हं, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे! त्यांना दहा तासांचं डेटा एंट्रीचं काम दिलं, पैसे दिले आणि शेरे लिहिले. काहींना त्रोटक, काहींना सविस्तर. पुढे या नवख्यांना, न निवडलेल्या नवख्यांपेक्षा जास्त कामं मिळाली, कमाईही वाढली. सविस्तर शेऱ्यांचा उपयोग आणखीच झाला. हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. आता तुम्हीच सांगा, दहा तासांत कुणी एवढं हुशार होतं का? त्यांचं काम चारचौघांना दिसलं, एवढाच काय तो फरक!

पण मालकाची पंचाईत बघा. दिसणारा माणूस शेजारच्या कंपनीलाही दिसतो! तिथून फोन येतो, "आमच्याकडे या, जास्त पगार देऊ." मग आपला माणूस टिकवायचा तर पगार वाढवणं आलं. ॲपल, गूगल, इंटेल, अडोबी या अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांनी यावर शक्कल काढली. त्यांनी आपसांत करार केले: एकमेकांच्या माणसांना आपणहून फोनच करायचा नाही! माणसं दिसत होती, पण डोळे मिटून घ्यायचं ठरलं होतं. २०१० मध्ये अमेरिकन सरकारनं त्यांना कोर्टात खेचलं. मग कर्मचाऱ्यांनीही दावा लावला, आणि २०१५ मध्ये या चौघींना मिळून ४१.५ कोटी डॉलर मोजावे लागले.